तिसऱ्या रात्रीची जागल अन् साडेबावन्न दिवसांचा पिरियड

यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसच्या अलीकडे एका हरभऱ्याच्या वावरात, मचानाच्या बुडाशी लावलेल्या आठ इंची दुर्बिणीतून एकच तारा तीन महिने पाहिला, पंचवीसेक रात्रींचे स्पेक्ट्रम, म्हणजे ताऱ्याचा उजेड रंगांत फोडून काढलेले आलेख, गोळा झाले, त्यातून पिरियड, म्हणजे ताऱ्याच्या एका फेरीचा काळ, निघाला साडेबावन्न दिवस, अन् आलेख असा गुळगुळीत की बोर्डाच्या पुस्तकात छापावा. उत्तर मात्र साफ चूक. दुर्बीण ठीक, कॅमेरा ठीक, मोजमापही ठीक, तरी चूक, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतो, थोडं लांबेल.

पाहणारा माझा जुना विद्यार्थी. बीएस्सी झाला, नोकरीचं काही जमलं नाही, आता वडिलांसोबत सहा एकर करते, सोयाबीन, तूर, मग हरभरा. नाव देत नाही, इथं त्याला जागल्या म्हणू, कारण सगळा घोळ जागलीतूनच झाला. बाहेरच्यांसाठी सांगतो, जागल म्हणजे रात्रभर वावरात राहून पीक राखणं. रानडुकरं नाहीतर रोही (नीलगाय) एकदा आत शिरले की सकाळी पीक पाहवत नाही, अन् झटका मशीनच्या तारेला डुकरं काही फार भीत नाहीत, तारेखालून जमीन उकरून येतात. त्यांची तीन वावरं लागून आहेत म्हणून तिघांनी पाळ्या लावल्या, एक रात्र चुलतभाऊ, एक रात्र शेजारचे काका, एक रात्र हा. काका लय कडक माणूस, लग्न असो की तेरवी, पाळी म्हणजे पाळी, तीन महिन्यात एक दिवस इकडचा तिकडे झाला नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी विचारलंच नाही.

मी तालुक्याला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. दिवाळीत तो घरी आला, म्हणे सर स्पेक्ट्रोग्राफ बनवला, आता काय पाहू. मी म्हटलं तारा देतो, पण त्याचं नाव शोधायचं नाही, गूगल करायचं नाही, पिरियड स्वतः काढून दाखव. कागदावर फक्त अंतर अन् जागा लिहून दिली, विषुवांश ३ तास ३७ मिनिटं, क्रांती अधिक अर्धा अंश (आकाशातले रेखांश-अक्षांश समजा). सापडायला सोपा आहे, कृत्तिकेच्या झुपक्यापासून सरळ दक्षिणेला चोवीसेक अंश उतरलं की १० टॉरी नावाचा ४.३ प्रतीचा (प्रतीचा आकडा जेवढा मोठा तेवढा तारा मंद) तारा लागते, आणि त्याला चिकटूनच, चंद्राच्या अर्ध्या रुंदीपेक्षाही कमी अंतरावर उत्तरेला, आमचा तारा, ५.७ ते ५.९ च्या दरम्यान मागेपुढे होणारा, म्हणजे गावातल्या एलईडीच्या उजेडात दिसणार नाही पण वावरातून अमावस्येला नजर लावून पाहिलं तर जेमतेम दिसेल.

तुम्हाला नाव सांगून टाकतो. व्ही ७११ टॉरी, उर्फ एचआर १०९९. अंतर सुमारे ९६ प्रकाशवर्षं. दिसते एक ठिपका, पण आहेत दोन तारे, एक के प्रकारचा, म्हातारपणाकडे झुकून फुगलेला, अन् दुसरा जी प्रकारचा, साधारण आपल्या सूर्याच्या जातीचा. दोघं एकमेकांभोवती २.८४ दिवसात फेरी मारतात, नीट सांगायचं तर २ दिवस २० तास ६ मिनिटं. हा आकडा ध्यानात ठेवा, जागल्याजवळ तो नव्हता.

हाच तारा का दिला तेही सांगतो. इतक्या जवळून फिरणाऱ्या जोडीत एकमेकांच्या ओढीनं दोघंही जखडले जातात, खळ्यावर मेढीभोवती फिरणाऱ्या बैलाचं एकच अंग कायम मेढीकडे राहते ना, तसं. मेढीभोवती एक चक्कर झाली की बैलाची स्वतःभोवतीही एक चक्कर झालेलीच असते. म्हणजे कक्षेचा काळ तोच स्वतःभोवती फिरण्याचा काळ. आपला सूर्य विषुववृत्तावर एक फेरी मारायला साधारण २५ दिवस घेते, अन् हा के तारा सूर्याच्या साडेतीन-पावणेचारपट त्रिज्येचा असून पावणेतीन दिवसात गरगरते. आत खदखदणारा थर आणि वरून ही गरगर, दोन्ही मिळून डायनॅमो जोरात चालते आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते, तेही सूर्याच्या मानानं फार मोठ्या भागावर. सूर्यावरचे डाग म्हणजे चुंबकीय क्षेत्राचेच भाग, हे जॉर्ज हेलनी १९०८ मध्ये स्पेक्ट्रमच्या रेषा फाकलेल्या पाहून दाखवलं, पण सूर्याचे सगळे डाग जमा केले तरी पृष्ठभागाचा टक्काभरही होत नाही. या ताऱ्यांवर डाग एवढे मोठे की ताऱ्याचा एकूण उजेडच फेरीसोबत कमीजास्त होते.

चुंबकाचा जोर स्पेक्ट्रममध्ये कुठं दिसते, तर वर्णावरणात, म्हणजे ताऱ्याच्या पृष्ठभागाच्या वरच्या पातळ तापलेल्या थरात. सूर्यासारख्या शांत ताऱ्यात हायड्रोजन अल्फाची रेषा, ६५६२.८ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं माप), काळी असते, म्हणजे आलेखात खड्डा. व्ही ७११ टॉरीत तिथं खड्ड्याच्या जागी टेकडी, रेषा कायम उजळ. असे आरएस कॅनम व्हेनॅटिकोरम (थोडक्यात आरएस सीव्हीएन) वर्गाचे तारे बरेच आहेत, पण हायड्रोजन अल्फा कायम वर राहणारे त्यातही थोडे. खरं तर जुनी चांगली खूण कॅल्शियमच्या एच आणि के रेषा, ३९६८ अन् ३९३४ अँगस्ट्रॉमच्या. ओलिन विल्सननी माउंट विल्सनवर १९६६ पासून ताऱ्यांची चुंबकीय हालचाल त्याच रेषांवर मोजायला सुरुवात केली, आणि त्याच्या आधी १९५७ मध्ये विल्सन आणि आपले वेणू बाप्पू या दोघांनी के रेषेच्या उजळ गाभ्याची रुंदी अन् ताऱ्याची खरी तेजस्विता यांचं नातं दाखवलं होतं, ते आजही दोघांच्या नावानं ओळखलं जाते. पण जांभळ्या टोकाला आमच्या भिंगाचा फोकस फाटते अन् कॅमेराही तिकडे आंधळाच, म्हणून लाल बाजू धरली.

आता सामान. आठ इंची न्यूटनियन, सेकंडहँड इक्वेटोरियल माउंट, थ्रीडी प्रिंट केलेला डबा, हाच स्पेक्ट्रोग्राफ, त्यात मिलिमीटरला २४०० रेघांची ग्रेटिंग, वीस-पंचवीस मायक्रॉनची फट, काळा-पांढरा कॅमेरा. तारा आपल्याकडे येत असला की रेषा निळ्याकडे सरकते, दूर जात असला की लालकडे, अन् किती सरकली त्यावरून वेग कळते. सेकंदाला तीसेक किलोमीटर एवढा वेगाचा फरक हा डबा वेगळा दाखवते, अन् रेषेचा मधला बिंदू नीट काढला तर पाच-सात किलोमीटरपर्यंत जाता येते. करंट फवारणी पंपाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीतून. पंधरा-पंधरा मिनिटांची चार एक्स्पोजर, रात्री नऊ ते साडेदहा, कारण अकरानंतर डुकरांची वेळ, मग टॉर्च घेऊन धुऱ्यानं फिरावं लागते.

तरंगलांबी बसवायला निऑनचा दिवा लागते. याच्याजवळ तो दिवा नव्हता म्हणून पोरानं पहिल्या आठवड्यात काय करावं, तर झटका मशीनचा टेस्टर घेतला, त्यात बारकासा निऑन असते, तारेत झटका गेला की नारंगी चमकते, साधारण सेकंदाला एकदा, अन् त्याची वायर लांबवून टेस्टर दुर्बिणीच्या तोंडापुढं टांगला. मिनिटभर एक्स्पोजर घेतलं की साठेक चमका जमा होतात अन् ६५३२.९ आणि ६५९९ च्या निऑन रेषा हायड्रोजन अल्फाच्या दोन्ही बाजूंना टोकदार उभ्या. मला फोटो पाठवला तेव्हा मी हसलोही अन् घाबरलोही, कारण त्या तारेत हजारो व्होल्टचा ठोका असते. दुसऱ्याच पाळीला कॅमेऱ्याचा यूएसबी ठोक्यासरशी तुटला, लॅपटॉप हँग, रात्र गेली. नशीब कॅमेरा वाचला. मग स्विचबोर्डचा नारंगी इंडिकेटर काढला, गाडीत लावायच्या छोट्या इन्व्हर्टरवर पेटवला, ते शेवटपर्यंत चाललं.

दुसरी तयारी त्यानं स्वतःहून केली, त्याचं मला कौतुक. दर रात्री आधी १० टॉरीचा स्पेक्ट्रम घ्यायचा, मग आपल्या ताऱ्याचा. १० टॉरी शांत तारा, सूर्यापेक्षा जरा तापलेला, त्याचा हायड्रोजन अल्फा काळा खड्डा, अन् वेग स्थिर. म्हणजे तो जागेवर राहिला तर डबा सरकला नाही हे पक्कं. शिवाय हायड्रोजन अल्फाच्या आजूबाजूला आपल्या हवेतल्या वाफेच्या बारीक रेषा असतात, त्या तर ताऱ्याच्या नाहीतच, पृथ्वीच्याच, त्यामुळं त्या कायम शून्यावर पाहिजेत. पाणी देणं चालू असलं, दव पडलं, की त्या खोल होत अन् उजळ टेकडीच्या माथ्यावर दात पाडत. पहिल्यांदा त्याला वाटलं टेकडीला दोन शिखरं आहेत, जोडीतले दोन तारे दिसले. फोनवर आवाज असा की जणू लॉटरी लागली. मी म्हटलं १० टॉरीत पण तिथंच दात आहे का पाह्य. होता.

डिसेंबरच्या मध्यात पहिला आलेख आला. टेकडीचा मधला बिंदू रात्रीमागून रात्री हळूहळू सरकत होता, आधी निळ्याकडे, मग लालकडे. पण त्यात एक तिरपा कल होता. मी विचारलं पृथ्वीच्या वेगाची दुरुस्ती केली का. केली नव्हती. नोव्हेंबरच्या मध्यात हा तारा सूर्याच्या बरोबर समोर येते, तेव्हा पृथ्वी त्याच्या दिशेला आडवी पळत असते म्हणून दुरुस्ती जवळपास शून्य, मग पुढं पृथ्वी त्याच्यापासून दूर पळू लागते अन् जानेवारीअखेर हा वेग सेकंदाला सत्तावीस किलोमीटरवर जाते. म्हणजे तारा हललाच नाही तरी रेषा हायड्रोजन अल्फापाशी अर्ध्या अँगस्ट्रॉमहून जास्त सरकलेली दिसेल. ही दुरुस्ती लावली अन् कल गेला, लाट एकदम स्वच्छ.

इथंच खरी फसगत झाली असं मला आता वाटते. बरोबर दुरुस्ती लावल्यानं चुकीचं उत्तर अजून देखणं झालं, अन् आम्ही दोघंही निश्चिंत झालो.

तुम्ही म्हणाल मला तर पिरियड माहीत होता, मग मी काहून निश्चिंत. खरं सांगतो, तेव्हा मी आलेखाच्या आडव्या रेघेवरचे दिवस नीट पाहिलेच नाहीत. परीक्षेच्या पेपर तपासणीत होतो, मोबाईलवर फोटो आला, लाट दिसली, अंगठा दाखवला, झालं. मास्तर लोकांची ही जुनी खोड.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात फोन. "सर, साडेबावन निघाला."

"काय साडेबावन?"

"दिवस. एक लाट पुरी झाली, दुसरी अर्धीच्या वर गेली. वेग वर-खाली पन्नास-पन्नास किलोमीटर."

मी उडालोच. पन्नास किलोमीटर बरोबर होता, के ताऱ्याचा कक्षेतला वेग खरोखर तेवढाच आहे. दिवस मात्र अठरापटीनं जास्त. मी काही बोलायच्या आत तोच म्हणे, एका जुन्या मासिकात वाचलं, लॅम्डा अँड्रोमेडी नावाचा असाच तारा ५४ दिवसात फिरते, म्हणजे जमूनच राह्यलं ना. आता हे वाईट. लॅम्डा अँड्रोमेडी खरंच साधारण ५४ दिवसात स्वतःभोवती फिरते, पण तिथं कक्षा २०.५ दिवसांची आहे, तो जखडलेला नाही, तो अपवाद म्हणून प्रसिद्ध आहे. चुकीच्या उत्तराला असा साक्षीदार भेटला की माणूस पुन्हा तपासत नाही.

उत्तर सांगून टाकावं असं मनात आलं होतं, नाही सांगितलं. म्हटलं लाट सोड, रेषा किती रुंद आहेत ते मोज. टेकडी नको, तिच्यात वर्णावरणाचा गोंधळ असते, बाजूच्या लोखंडाच्या, कॅल्शियमच्या बारीक काळ्या रेषा घे. १० टॉरीच्या रेषा त्याच्या डब्यात जेवढ्या बारीक येतात त्यापेक्षा या ताऱ्याच्या कितीतरी पसरट होत्या. तारा स्वतःभोवती फिरते, एक कड आपल्याकडे येते, एक दूर जाते, त्यानं रेषा पसरते. त्याचा हिशोब आला सेकंदाला चाळीस किलोमीटरच्या आसपास, जो आकडा या ताऱ्यासाठी मान्य आहे.

मग गुणाकार. साडेबावन्न दिवस म्हणजे ४५ लाख सेकंदांच्या वर, गुणिले चाळीस, म्हणजे ताऱ्याचा घेर १८ कोटी किलोमीटर, त्रिज्या २.९ कोटी. सूर्याची त्रिज्या सात लाखाला थोडी कमी. म्हणजे सूर्याच्या एकेचाळीसपट, अन् तेही कमीत कमी, अक्ष आपल्याकडे कललेला असला तर अजून मोठा. एवढा मोठा तारा कोणता माहीत आहे का, रोहिणी. त्याच वृषभ राशीतली, सूर्याच्या चव्वेचाळीसेकपट त्रिज्येची, ६५ प्रकाशवर्षांवर, प्रत ०.९ च्या आसपास, गावातल्या पोरासोरालाही दिसते. आपला तारा तिच्या दीडपट अंतरावर, म्हणजे जरा मंद दिसेल, पण तरी दुसऱ्या प्रतीच्या आत पाहिजे. तो आहे जवळपास सहाव्या प्रतीचा. अंतर त्याला मी आधीच देऊन ठेवलं होतं.

"मंग रोही नाही रोहिणी घुसली वावरात," असा त्याचा जोक. पण अडकला. म्हणे मधात धूळ असेल, म्हणे अंतर चुकलं असेल. लाट चुकली असेल हे काही त्याच्या तोंडून येईना, अन् मला ते समजते, तीन महिने थंडीत बसून काढलेली लाट होती.

दोन दिवसांनी रात्री साडेअकराला फोन वाजला. त्या आठवड्यात थ्री-फेज लाईट रात्रीची होती, हरभऱ्यात स्प्रिंकलर चालू. हा मचानावर बसून डुकरांसाठी थोड्या-थोड्या वेळानं टॉर्च मारत होता, काम नाही म्हणून मनातल्या मनात आकडे मोजत, तीस झाले की एक झोत, पुन्हा तीस, पुन्हा झोत. प्रत्येक झोतात समोरच्या नोझलची धार दिसे. आधी धार बांधाकडे, पुढच्या झोतात बांधाच्या जराशी पुढं, मग अजून जराशी. जसा काही स्प्रिंकलर गोगलगायीसारखा फिरत होता. मग त्यानं टॉर्च चालूच ठेवला अन् मोजलं. धार अठ्ठावीस आकड्यात पूर्ण गोल फिरून येत होती.

"सर, तो एक पुरा गोल मारून वरतून जरासा पुढं जाते, मले फक्त जरासाच दिसते."

मी म्हटलं बरं, मग.

"माही जागल तिसऱ्या रात्री येते ना सर. तीन महिने, तिसऱ्या रात्री, नऊच्या ठोक्याले."

तेव्हा मला कळलं की पाळी तीन रात्रींची आहे. मी इतके दिवस समजत होतो की ढग, थंडी, कामं पाहून तो जमेल तसं पाहते. इथं माझी चूक साफ आहे, कोणत्याही निरीक्षणात पहिला प्रश्न केव्हा केव्हा पाहिलं हा असायला पाहिजे, अन् मी दुर्बीण, फट, दिवा सगळं विचारलं, हेच राहिलं. एकदा-दोनदा ढगानं रात्र गेली तरी पुढची पुन्हा तीनच्या पटीतच.

गणित सोपं आहे. तीन दिवसात हा तारा १.०५७ फेऱ्या मारते. पूर्ण एक फेरी तर दिसतच नाही, कारण तारा पुन्हा तिथंच, उरलेली ०.०५७ दिसते. असे साडेसतरा वेळा पाहिलं की ते जराजरा मिळून एक फेरी, साडेसतरा गुणिले तीन, साडेबावन्न दिवस. तो आकडा ताऱ्याचा नव्हताच, तारा आणि जागल या दोघांतल्या फरकाचा होता. आठवडी बाजाराच्या दिवशीच गावात येणाऱ्याला गाव कायम गजबजलेलंच वाटते, त्यातलाच प्रकार. मजा म्हणजे त्याच ठिपक्यांमधून ५२.५ दिवसांची लाट जेवढी चोख जाते तेवढीच २.८४ ची जाते, ३.१८ ची जाते, १.५४ अन् १.४६ ची पण जाते. कॉम्प्युटरला विचारा, तो सगळ्यांना सारखेच मार्क देईल. आम्ही सगळ्यात लांबची निवडली कारण डोळ्याला ती एकटीच लाट म्हणून दिसते, बाकीच्या ठिपक्यांच्या मधात लपून राहतात.

यातली खरी कोणती हे त्या पंचवीस रात्रींतून निघूच शकत नाही, अजून पंचवीस घेतल्या तरी नाही, जोपर्यंत तिसऱ्याच रात्री बसतो तोपर्यंत. रेषेच्या रुंदीनं ५२.५ ला हाकललं एवढंच. उपाय एकच, लागोपाठ रात्री. पण लागोपाठ रात्री म्हणजे काकांची अन् चुलतभावाची पाळी मागायची. काकांनी तर आनंदानं दिली, म्हणे बस बापू, मी घरी झोपतो. चुलतभाऊ व्यवहारी, एका रात्रीच्या बदल्यात दोन पाळ्या घेईन म्हणे. कबूल.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तीन रात्री ओळीनं आकाश निवळ मिळालं. पहिल्या रात्री दुरुस्ती लावून वेग उणे तीसच्या आसपास. दुसऱ्या रात्री अधिक तेहेतीस. एका दिवसात टेकडी दीडेक अँगस्ट्रॉम सरकली, साडेबावन्न दिवसांच्या लाटेप्रमाणं ती जेमतेम हलायला पाहिजे होती. तिसऱ्या रात्री पुन्हा उणे पंचावन्न. शिवाय शेवटच्या रात्री त्यानं अंधार पडल्यापासून तारा डोंगराआड जाईपर्यंत डबा चालूच ठेवला, तर एकाच रात्रीत रेषा सरकताना दिसली, पहिल्या अन् शेवटच्या एक्स्पोजरमधला फरक आलेख एकावर एक ठेवले की डोळ्यानं दिसे. या तीन रात्रींनी बाकीचे सगळे खोटे आकडे पडले, ३.१८ पण, अन् राहिला तो २.८४. मग रुंदीचा हिशोब पुन्हा केला, चाळीस किलोमीटर गुणिले २.८४ दिवस, त्रिज्या सूर्याच्या सव्वादोनपट, अक्षाचा कल साधारण ३८ अंश धरला की साडेतीनच्या वर. जमलं.

त्या रात्री मी गूगल करायची परवानगी दिली. दहा मिनिटात मेसेज, "हे तं १९७६ पासून लोकायले मालूम हाय, अन् तुमी मले तीन महिने थंडीत बसवलं." बॉप आणि फेकेल यांनी १९७६ मध्येच हा तारा नवा तेजस्वी आरएस सीव्हीएन म्हणून मांडला, त्याच साली डग्लस हॉलनी या वर्गाची व्याख्या केली. १९७८ च्या फेब्रुवारीत याच ताऱ्यावरून रेडिओ लहरींचा मोठा भडका नोंदवला गेला. १९८३ मध्ये व्होग्ट आणि पेनरॉड यांनी याच्याच पसरट रेषांमधले उंचवटे फेरीसोबत कसे सरकतात ते पाहून ताऱ्याच्या डागांचा नकाशा काढला, ध्रुवाजवळ मोठा डाग दाखवला. ९६ प्रकाशवर्षांवरच्या ठिपक्याचा नकाशा, फक्त रेषेच्या आकारावरून, मला अजूनही हे वाचताना विश्वास बसत नाही. १९९० मध्ये दोनाती आणि सहकाऱ्यांनी ध्रुवित प्रकाशातून त्याच्यावर चुंबकीय भाग थेट पकडला.

आता प्रकरणाचा तो भाग जो अजून सुटला नाही. खरा पिरियड हाती आल्यावर सगळ्या रात्री फेरीच्या टप्प्यानुसार पुन्हा लावल्या, तेव्हा वेगाची लाट तर बसली, पण टेकडीची उंची बसली नाही. साधारण ती थोडी वर-खाली होते, त्यात डागांच्या बाजूचा हात असू शकते. पण डिसेंबरातली एक रात्र वेगळीच, टेकडी नेहमीच्या जवळपास दुप्पट, अन् पायथा दोन्ही बाजूंना पसरलेला. ती रात्र जागल्यानं पहिल्या आलेखातून काढूनच टाकली होती. वहीत लिहिलं होतं, "रोही चार आले. हायड्रोजन लय वर. डेटा खराब." खराब असायचं कारण काही नव्हतं, लाटेवर बसत नाही म्हणून खराब. आम्ही त्या रात्रीचा १० टॉरी काढून पाहिला, नेहमीसारखा. निऑन जागेवर. वाफेच्या रेषा जागेवर. चारही एक्स्पोजरमध्ये टेकडी मोठी, अन् पहिल्यापेक्षा चौथ्यात जराशी उतरलेली. मला तो भडकाच वाटते, चुंबकीय रेषा तुटून जुळताना होते तसा. पण असे भडके काही तासात, फार तर दिवस-दोन दिवसात ओसरतात, अन् आमची पुढची रात्र तीन दिवसांनंतरची, तेव्हा सगळं शांत. मधल्या दोन रात्री मचानावर काका अन् चुलतभाऊ होते, दुर्बीण पोत्याखाली. म्हणून मी त्याला लेखी भडका म्हणत नाही. जागल्या म्हणते.

तो असंही म्हणते की पुढच्या हंगामात पाळी तीनची न ठेवता कधी दोन, कधी पाच, अशी वेडीवाकडी लावून घेतो, म्हणजे कोणताच खोटा पिरियड जमणार नाही. मी म्हटलं काकांना हे समजावून दाखव आधी. हरभरा निघाला, मचान मोडलं, झटक्याची तार गुंडाळून ठेवली, तारा आता संध्याकाळीच पश्चिमेला उतरते. चुलतभावाच्या दोन पाळ्या तेवढ्या बाकी आहेत, तो म्हणते उन्हाळी भुईमुगात वसूल करतो.